बैलाचे खांदे शेकता, मग आपले कधी?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतात आणि त्याला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काही वर्षांपूर्वी मी तुपाची वाटी घेऊन गोठ्यात उभी होते. माझा उजवा खांदा इतका ठणकत होता की वाटी डाव्या हातात घ्यावी लागली. सासरे बैलाच्या मानेवरून मायेनं हात फिरवत होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. निंदणाचे दिवस, बाईचा खांदा दुखणारच.

त्या रात्री मात्र झोप आली नाही आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. घरी कपाशी आणि तूर, दोन म्हशी, सासू-सासरे, दोन मुलं. मी डॉक्टर नाही. जे करून पाहिलं, जे आशाताईला आणि आरोग्य केंद्रात विचारून घेतलं, ते इथे लिहिते. ज्यांनी स्वतःसाठी कधी अर्धा तासही काढलेला नाही, किंवा जे लग्नानं, बदलीनं आमच्या भागात नव्यानं आले आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. मोबाईलवर 'स्वतःची काळजी' म्हटलं की मेणबत्त्या, फुलांचे टब आणि डोळ्यांवर काकडीचे काप दिसतात. आमच्याकडे काकडी खातात.

सुरू करण्याआधी एकच अट. एका आठवड्यात एकच गोष्ट धरायची. मी पहिल्यांदा सगळं एकदम धरलं होतं, पहाटेचं फिरणं, साखर बंद, योगासनं, आणि चौथ्या दिवशी म्हैस व्याली तेव्हा सगळं एकदमच सुटलं.

पहिला आठवडा: पाणी

हे सोपं वाटतं म्हणून लोक सोडून देतात. आमच्याकडे मार्चपासून ऊन चढतं. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी कोणी चकित होत नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नव्या माणसानं पहिली सवय ही लावावी की उन्हातली कामं सकाळी अकराच्या आत आणि मग थेट चारनंतर. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, माझे सासरे ठेवतात, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी पिऊ नका.

तहान लागेल तेव्हा पिऊ, हे उन्हात चालत नाही. घराबाहेर पडण्याआधी दोन पेले प्यायचं आणि वावरात काम चालू असताना दर वीस मिनिटांनी एक पेला. पाणी पुरतंय की नाही हे लघवीचा रंग सांगतो. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर कमी पडतंय. कोणतंही यंत्र लागत नाही.

आता बायांचं बोलते. बाया वावरात पाणी का पीत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. आडोसा नसतो. सकाळी घरून निघताना पाणी टाळायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत दाबून धरायचं. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, आणि त्यावर दुकानातून आणलेली गोळी. आम्ही पाच-सहा जणींनी एक केलं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दोन झाडांच्या मधे जुनं लुगडं बांधलं आणि वेळ ठरवून दोघी-दोघी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी हसू आलं. आठवड्यानं शेजारच्या वावरातल्या बाया लुगडं मागायला आल्या.

खूप घाम गेला, जुलाब झाले, तर साधं पाणी पुरत नाही. दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट सगळ्यात चांगलं. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं सारखे केलेले. मीठ अंदाजानं टाकायचं नाही, जास्त झालं तर अपाय होतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मुळातच खारट, तिथे हे मिश्रण नळयोजनेच्या गोड्या पाण्यातच करा. कैरीचं पन्हं, ताक हे रोजच्यासाठी उत्तम. फक्त रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ बेताचं घालावं. पूर्व विदर्भात ज्यांच्या घरी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे त्यांनी पाण्याकडे दुप्पट लक्ष द्यावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्या दुखण्याची कळ उठते.

आणि एक गोष्ट आठवड्याची वाट न पाहता आजच लक्षात ठेवा. उन्हातला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दुसरा आठवडा: पाय

इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त आराम यानंच मिळाला.

दिवेलागणीनंतर, स्वयंपाकाला बसण्याआधी, घमेल्यात कोमट पाणी घ्या. पाणी किती गरम आहे ते हाताच्या पंजानं न पाहता कोपरानं पाहा. चुलीपाशी वावरणाऱ्या बाईच्या पंजाला गरम कळतच नाही. पाय दहा मिनिटं बुडवायचे, जास्त नाही. फार भिजवली की कातडी उलट अधिक कोरडी होते. साबण लावून टाचेवर वजरी हलक्या हातानं फिरवायची, मग बोटांच्या बेचक्यांसकट पाय टिपून कोरडे करायचे. टाच किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचं तेल चोळायचं, भेगा खोल असतील तर व्हॅसलीन. वर जुने सुती मोजे चढवून झोपायचं. पहिल्या तीन-चार दिवसांत फार फरक दिसत नाही. दहाव्या दिवशी टाच चादरीला अडकायची थांबते.

भेगांची कातडी ब्लेडनं कापू नका. मी कापली होती. पाय सुजला, पंधरा दिवसांची मजुरी गेली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं ते वेगळंच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी पाय भिजवत बसू नये. धुवावे, कोरडे करावे, तेल टाचेला लावावं, बेचक्यांत नाही, आणि रोज तळवा आरशात पाहावा. त्यांच्या पायाला काटा रुतलेलाही कळत नाही.

पावसाळ्यात चिखल्या होतात. तेव्हा तेल बंद आणि कोरडेपणा महत्त्वाचा. वावरातून आलं की पाय धुऊन पुसायचे आणि घरात असताना उघडे ठेवायचे. बऱ्या होत नसतील तर आरोग्य केंद्रातून मलम आणा.

वेचणीच्या दिवसांत हीच काळजी हाताच्या बोटांना लागते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडा फाडतात. जुन्या सुती मोज्यांची टोकं कापून बोटांवर चढवली तर कापूस निघतो आणि बोटं वाचतात. हात थोडा हळू चालतो, हे खरं.

मी पहिल्यांदा घमेलं घेऊन बसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काऊन वो, पाय घेऊन काय बसली? भाकरी कोन टाकीन?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आधी त्यांचेच पाय घमेल्यात घेतले. नव्यानं सुरू करणाऱ्या सुनांना माझा हाच सल्ला आहे. एकटीनं दाराआड करू नका, घरातल्या मोठ्या बाईपासून सुरुवात करा. मग तो वेळ घराचा होतो आणि तुमच्यावर 'रिकामी बसली' हा शिक्का बसत नाही.

तिसरा आठवडा: पाठ आणि खांदे

जाडं मीठ किंवा स्वच्छ रेती तव्यावर गरम करा, सुती फडक्यात बांधा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सोसवलं तर दुखऱ्या जागी पंधरा मिनिटं शेका. ताजा मुरगळा असेल, जागा सुजली असेल तर पहिले एक-दोन दिवस गरम नको, थंड पाण्याची घडी ठेवा. जागा बधिर असेल तर शेकूच नका, भाजलेलं कळणार नाही.

शेक झाला की जमिनीवर सतरंजी टाकून पाठीवर पडा आणि पोटऱ्या खाटेवर ठेवा, गुडघे काटकोनात. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. दिवसभर वाकलेल्या कमरेचा ताण इथे सुटतो. मग एकेक गुडघा छातीशी धरून वीस आकडे मोजायचे, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. खांदे मागच्या बाजूनं गोल फिरवायचे. एवढंच. मोबाईलवर दिसणारी कठीण आसनं पहिल्या महिन्यात करायची गरज नाही.

कामातही थोडं बदलावं लागतं. वेचताना कमरेची ओटी पूर्ण भरू देऊ नका, अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी करा. फेऱ्या वाढतात, मुकादम कुरकुरतो, पण कंबर टिकते. निंदणाला वाकून राहण्यापेक्षा बसून सरकणं बरं, आणि अर्ध्या तासानं उठून मागे झुकायचं.

दुखण्याची गोळी रोजची सवय होऊ देऊ नका. उन्हात घाम गाळून अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास होतो. आमच्या गावात ही गोळी किराणा दुकानात बिस्किटाच्या शेजारी मिळते, हे मला कधी पटलं नाही. पायात मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं यांपैकी काही झालं तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत दाब, सोबत डाव्या खांद्यात कळ आणि गार घाम असेल तर लगेच १०८.

मधेच एक काम: कूलर

उन्हाळ्यात घरी विसावा म्हणजे कूलर. नव्या माणसाला वाटतं, खोली बंद केली की गार होईल. उलट आहे. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा लावायचा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचं. हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. वाळ्याच्या ताट्या दर हंगामात बदला, जुन्यांना कुबट वास येतो.

पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन बाहेर काढा. हात कोरडे, पायात चप्पल. मला एकदा पत्र्याच्या कूलरचा झटका बसला, हात सुटला म्हणून आज लिहिते आहे. दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी हेच होतं. अर्थिंग तपासल्याशिवाय मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या, नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं 'कोरडा दिवस पाळा' म्हणतं ते याचसाठी. आमच्याकडे शुक्रवार. रांजण, माठ, म्हशीचं टाकं, सगळं त्याच दिवशी.

चौथा आठवडा: ताट, पण थोडंच

आपलं जेवण मुळात चांगलं आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण यांना सोडून बाजारातली महागडी पाकिटं आणू नका. मी दोनच बदल केले. पहिला, काळ्या चहातली साखर. दिवसाचे सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे बारा चमचे, हे बोटावर मोजलं तेव्हा कळलं. एका चमच्यानं कमी करत गेले.

दुसरा बदल जवसाच्या चटणीचा. ती आधीही होती, पण सणासुदीला. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं वेगळं परतायचं, मीठ घालून जाडसर कुटायचं. अख्खं जवस पचत नाही, तसंच निघून जातं, म्हणून कुटणं हवं. दळलेलं जवस लवकर खवट होतं, तेव्हा आठ-पंधरा दिवसांपुरतंच करा. तिखट कमी घाला, असं मी लिहिणार होते, पण ते विदर्भात कोणी ऐकणार नाही. निदान रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी उरका, छातीतली आग अर्धी कमी होते.

खर्रा

याला आठवडा ठरवला नाही, कारण हा ज्याचा त्यानं ठरवायचा. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या पाठोपाठ पन्नीत घोटलेला खर्रा पुढे येतो. सुपारी, तंबाखू, चुना. बायाही खातात, फक्त पदराआड. अनेकांना वाटतं तंबाखू वाईट, सुपारीत काय? सुपारीही कर्करोगाला कारण आहे, एकटी असली तरी. तीच तोंडाचं उघडणं कमी करते.

आज रात्री घरातल्या प्रत्येकानं एक करून पाहा. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील, गालात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. पण तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा, पाणी प्यायचं, भाजलेली बडीशेप किंवा वाळवलेला आवळा तोंडात टाकायचा. माझ्या नवऱ्यानं दोनदा सोडला आणि दोनदा धरला. तिसऱ्यांदा त्यानं पानठेल्याच्या रस्त्यानं जाणंच बंद केलं, सायकल लांबून वळवायचा. तेव्हा जमलं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. गडचिरोलीत तर २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाची मोहीम गावोगाव यावर काम करते, तिथल्या लोकांना गावातच मदत मिळू शकते.

फवारणीच्या दिवशी मात्र सवय असो की नसो, खर्रा घोटायचा नाही. औषधाचे हात, तेच पन्नीला, तेच तोंडाला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते वर्ष आम्ही विसरलेलो नाही. फवारून आलेल्या माणसानं अंगणातच कपडे उतरवावे, साबणानं डोक्यापासून अंघोळ करावी, मगच लेकरू उचलावं. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डब्यावरचं नाव डॉक्टरला लागतं.

मन, आणि मग झोप

पाऊस लांबला, कापसाचा भाव पडला, बँकेचा माणूस येऊन गेला, अशा रात्री पाय भिजवून काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी एक करते. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं लांब झालं की छातीतली धडधड उतरते. आमच्या गावात गुरुवारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन होतं. देवधर्माचं वेड नसलं तरी जाऊन बसा. चार माणसांत बसल्यावर घरातलं घरात कुजत नाही.

घरातला माणूस गप्प झाला, जेवण टाकू लागला, 'आता काही खरं नाही' म्हणू लागला, तर त्याला एकटं ठेवू नका, विषाचे डबे कुलपात घाला आणि १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस नावाची ही मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. फोन त्यानंच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

झोपेसाठी मोबाईल उशाला ठेवू नका. आमच्याकडे तो जेवणानंतर शिंकाळ्यात जातो, मुलांचाही. उन्हाळ्यात अंगणात झोपा, पण जमिनीवर नाही. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याचं अनेकदा कळतही नाही. म्हणून खाट, तिच्यावर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. टॉर्च उशाशी. पाण्याचा गडवा झाकून, हात पोचेल इतका जवळ.